फीचा आकडा बघून कॉलेज सोडू नका, आधी घरचा आकडा काढा

गेली बारा वर्षं मी कॉलेजच्या विद्यार्थी मदत कक्षात काम करते. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. एकीवर मूल बसतं, दुसरीवर आई किंवा वडील, आणि बोलणं बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतं: "आम्हाला हे झेपणार नाही, पण एकदा विचारून बघावं म्हटलं." विचारायला आलेल्यांचा काही ना काही मार्ग निघतो. जीव तुटतो तो न आलेल्यांसाठी, कारण त्यांच्यातली मी एक आहे.

शाळा संपल्यावर मी एका कॉलेजची माहितीपुस्तिका आणली, फीचं पान पाहिलं आणि पुस्तिका मिटून ठेवली. अर्जच केला नाही. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, तेव्हा छापलेला आकडा म्हणजे दगडावरची रेघ असंच सगळ्यांना वाटलं. तीन वर्षांनी कळलं की आमच्याएवढ्या उत्पन्नाच्या घराला तिथे फी पूर्ण माफ होती. नियम त्याच पुस्तिकेत होता, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.

पुढे या कामात आल्यावर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला एक प्रयोग वाचला, तो आजही मी येईल त्याला सांगते. २०१५ मध्ये त्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना पत्रं पाठवली: तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिक्षण फी माफ, त्यासाठी वेगळे कागद नकोत. मुळात यातल्या बहुतेक मुलांना रीतसर अर्ज केल्यावर एवढी मदत मिळालीच असती. तरी पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्के मुलांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. फरक पडला तो आधीच मिळालेल्या खात्रीने. तुमच्या घरी असं पत्र येईलच असं नाही, म्हणून ही खात्री स्वतः करून घ्यायची.

सुरुवात एका कोऱ्या कागदाने करा. डाव्या बाजूला एका वर्षाचा पूर्ण खर्च लिहा, नुसती फी नव्हे. राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळेचं शुल्क, सुरुवातीला भरायची अनामत, सुट्टीत वसतिगृह बंद असताना कुठे राहायचं त्याचा खर्च. हे शेवटचं जवळजवळ सगळे विसरतात. जर्मनीत २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांनी सर्वसाधारण शिक्षण फी रद्द केली, तरी तिथे शिकणाऱ्याला राहण्या-जेवणाचा खर्च चुकत नाही. फी शून्य असली तरी हा कागद मांडावाच लागतो. उजव्या बाजूला फक्त तेवढंच लिहा जे कधीही परत करायचं नाही: फी माफी, शिष्यवृत्ती, अनुदान. डावीतून उजवी वजा केली की उरतो तो तुमच्या घरचा आकडा. कॉलेजांची तुलना करायची ती या आकड्यावर.

कर्ज उजव्या बाजूला लिहायचं नाही, हे मी टेबलावर बोट ठेवून सांगते. त्याला कारण आहे. एक वडील मुलीला घेऊन आले होते. शर्टाच्या खिशातून त्यांनी दोन पत्रं काढली, चार घड्या घातलेली, घडीवर अक्षरं पुसट झालेली. समजायला सोपं जावं म्हणून पहिल्या कॉलेजचा वर्षाचा खर्च १०० धरू. पत्रात ठळक अक्षरात होतं: एकूण आर्थिक मदत ७०. दुसऱ्या कॉलेजचा खर्च ८०, मदत ३५. वडिलांचा हिशोब सरळ होता: पहिल्याला ३० भरायचे, दुसऱ्याला ४५, म्हणजे पहिलं स्वस्त. मी पहिलं पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला त्या ७० ची फोड होती: अनुदान २५, फी माफी १०, कॉलेजात काम करून मिळवायचे १०, आणि कर्ज २५. कामाचे १० राबून मिळवायचे, म्हणून तेही मदतीत धरायचे नाहीत. आयते मिळणारे आणि परत न करायचे होते फक्त ३५. दुसऱ्या कॉलेजची मदत मात्र सगळीच परत न करायची होती. म्हणजे पहिल्या कॉलेजात घरावर ६५ चा भार येत होता आणि दुसऱ्यात ४५ चा. मुलीने पेन घेतलं आणि ते ७० खोडून वर ३५ लिहिलं. वडील बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

त्या वडिलांची यात काही चूक नव्हती. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये कॉलेजांची अशी पत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजांनी निव्वळ खर्च, म्हणजे आपण वर काढला तो घरचा आकडा, एकतर दिलाच नव्हता किंवा कमी दाखवला होता. पत्र कुठल्याही देशातलं असो, प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे परत करायचं आहे का? ओळीवरून कळत नसेल तर कॉलेजला लेखी विचारा.

एक वर्ष जमलं म्हणजे पूर्ण अभ्यासक्रम जमला असं नाही. फी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते आणि शिष्यवृत्ती ४० वर गोठलेली आहे असं धरा. पहिल्या वर्षी फी १००, तुम्ही भरता ६०. चौथ्या वर्षी फी होते जवळपास ११६, तुम्ही भरता ७६. फी वाढली १६ टक्क्यांनी, तुमचा भार मात्र २६ टक्क्यांनी. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विचारा: ही मदत सगळी वर्षं मिळणार का, फीबरोबर वाढणार का, आणि टिकवायला किती गुण लागतात? बाहेरच्या एखाद्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज स्वतःच्या मदतीतून तेवढी रक्कम कापून घेणार का, हेही विचारा. काही ठिकाणी कापतात, आणि मग मुलाने धडपडून मिळवलेल्या शिष्यवृत्तीचा घराला काहीच फायदा होत नाही.

कर्जाला घाबरू नका, पण ते कसं वाढतं ते कागदावर बघितल्याशिवाय सही करू नका. दर वर्षाच्या सुरुवातीला २५ असं चार वर्षांत १०० कर्ज उचललं, व्याज १० टक्के, आणि शिकताना काहीच भरलं नाही, तर पदवी हातात येते त्या दिवशी देणं साधारण १२८ असतं. पहिला हप्ता अजून सुरूही झालेला नसतो. शिकतानाच व्याजापुरती रक्कम भरता आली तर हा डोंगर वाढत नाही. काही देशांत परतफेड कमाईला बांधलेली असते. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये ही पद्धत आणली, इंग्लंडमध्ये पदवीच्या कर्जासाठी ठराविक मर्यादेच्या वरच्या कमाईचे ९ टक्के कापतात. कमाई मर्यादेखाली असेल तेव्हा हप्ता नाही. तुमच्यासमोरचं कर्ज यातलं आहे की नोकरी असो-नसो हप्ता मागणारं आहे, हे व्याजदराइतकंच महत्त्वाचं. जामीनदार कोण राहणार, हेही घरात मोकळेपणी बोला.

आता मधल्या उत्पन्नाच्या घरांबद्दल. माफीच्या मर्यादेच्या जरा वर असणाऱ्यांचे हाल मी रोज बघते. अशांनी एक लक्षात ठेवा: अर्जात मागितलेलं उत्पन्न बहुधा मागच्या वर्षांचं असतं, आणि मधल्या काळात नोकरी गेली असेल, दुकान बसलं असेल, घरात मोठं आजारपण आलं असेल, तर फेरविचाराचा अर्ज करता येतो का ते विचारा. पत्र एका पानाचं ठेवा. काय घडलं, कोणत्या तारखेला, त्यामुळे महिन्याचं उत्पन्न किती घटलं आणि किती कमी पडतं आहे, एवढंच. सोबत पुरावा. मला आलेल्या पत्रांत दोन पानं आर्जव आणि आकडा कुठेच नाही असं पुष्कळदा असतं, आणि मनात असूनही मला पुढे काही करता येत नाही. एकाच घरातली दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर तेही लिहा. शेती किंवा धंद्यावरचं घर असेल आणि उत्पन्न वर-खाली होत असेल, तर तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा.

ऐपत असलेल्या घरांनीही घरचा आकडा मुलाला प्रवेशाच्या आधीच सांगावा. प्रवेश मिळाल्यावर "एवढं नाही जमणार" ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा मला बघवत नाही.

अर्ज भरताना जवळ कुणीतरी बसा. अमेरिकेत २००८ मध्ये कर भरायला आलेल्या कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना कॉलेजच्या मदतीची नुसती माहिती दिली, काहींचा अर्ज तिथेच बसून भरून दिला. नुसत्या माहितीने फरक पडला नाही. अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या मुलांपैकी कॉलेजात सलग दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. घरात कुणी शिकलेलं नसेल तर शाळेतले शिक्षक, वरच्या वर्गातलं मूल, शेजारची ताई, कुणालाही तासभर बसायला सांगा. अनाथ मूल, पालकांपासून तुटलेलं मूल, दिव्यांग मूल यांच्यासाठी पुष्कळ ठिकाणी वेगळे नियम असतात. अर्जात तो रकाना दिसला नाही तर थेट कक्षात या.

आणि शेवटच्या टप्प्यात छोट्या रकमांकडे लक्ष ठेवा. प्रवेश पक्का झालेली, मदत मंजूर झालेली मुलं अनामत भरायची तारीख चुकली म्हणून घरी राहिलेली मी पाहिली आहेत. मंजूर मदत खात्यात जमा व्हायला वेळ लागतो आणि अनामत मात्र आधी मागतात. तारखेच्या दोन आठवडे आधी कॉलेजला लेखी विनंती द्या की मदत जमा होईपर्यंत मुदत वाढवावी, किंवा अनामत त्यातूनच वळती करून घ्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. ज्याने घेतला त्याचं नाव आणि तारीख मागच्या बाजूला लिहून ठेवा.