एकाच मारहाणीत पाच कलमं: शिक्षेचा हिशेब मांडताना या चुका टाळा

निकाल लागला की कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरताच बेरीज सुरू होते. "मनगट मोडल्याची दोन वर्षं, छळाचं एक, दिराला मारल्याचे सहा महिने, धमकीचे सहा. म्हणजे चार वर्षं आत." आरोपीची आई रडायला लागते, फिर्यादीचा भाऊ मान डोलावतो, आणि गाडी वाडीत पोचायच्या आधी ही बेरीज फोनवरून मुंबईला पोचलेली असते. बहुतेक वेळा ती चुकीची असते. आणि नेमकं याच गोंधळात कुणाची अपिलाची मुदत निघून जाते, तर कुणी नको तिथे तडजोड करून बसतं.

एक प्रसंग समोर ठेवू या. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, माणसं काल्पनिक. नवरा मुंबईला नोकरीला, गणपतीला गावी आलेला. माहेरहून पैसे आणण्यावरून दोन-तीन वर्षं बायकोचा छळ चाललेला. विसर्जन झाल्यावर रात्री पडवीत पुन्हा तोच विषय निघतो. तो सरपणातलं लाकूड उचलतो आणि तिच्या पाठीवर, खांद्यावर, हातावर सहा-सात फटके मारतो. धाकटा दीर वहिनीला वाचवायला मध्ये पडतो, त्याच्याही कपाळावर एक बसतो. शिवीगाळ होते, "पोलिसांत गेलीस तर जिवंत ठेवणार नाही" अशी धमकीही. ग्रामीण रुग्णालयात जखमांची नोंद होते, दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं दिसतं. पोलीस भारतीय न्याय संहितेची कलमं लावतात: छळाचं ८५, साध्या दुखापतीचं ११५(२), गंभीर दुखापतीचं ११७(२), शिवीगाळीचं ३५२, जिवे मारण्याच्या धमकीचं ३५१(३).

"जेवढी कलमं तेवढ्या शिक्षा"

ही सगळ्यात जुनी समजूत, आणि कायद्याने तिचं उत्तर १८६० सालीच देऊन ठेवलंय. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ७१ आता न्याय संहितेत कलम ९ म्हणून आलंय. त्यातलं उदाहरण आपल्या पडवीतल्या रात्रीला तंतोतंत लागू पडतं: एकाने दुसऱ्याला काठीचे पन्नास फटके मारले. प्रत्येक फटका हा स्वतंत्र दुखापतीचा गुन्हा धरला आणि प्रत्येकी एक वर्ष दिलं, तर पन्नास वर्षं कैद होईल. कायदा म्हणतो, तसं नाही. सगळ्या मारहाणीची मिळून एकच शिक्षा.

पण तिथेच पुढचं उदाहरण आहे आणि लोक नेमकं तेच विसरतात. मारहाण चालू असताना तिसरा माणूस मध्ये पडला आणि आरोपीने त्यालाही जाणूनबुजून मारलं, तर तो फटका पहिल्या मारहाणीचा भाग नाही. त्याची शिक्षा वेगळी. म्हणजे बायकोला बसलेले सहा-सात फटके एका हिशेबात, आणि दिराच्या कपाळावरचा एकच फटका दुसऱ्या हिशेबात. आरोपीकडचे लोक "एकाच भांडणातलं आहे ना सगळं" म्हणतात तेव्हा त्यांची चूक इथे होते. खटला एकत्र चालू शकतो, कारण घटनाक्रम एकच. शिक्षा मात्र माणसागणिक मोजली जाते.

मनगटाचंही असंच. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, जास्तीत जास्त सात वर्षांची. पाठीवरचे वळ ही साधी दुखापत, जास्तीत जास्त एक वर्षाची. एकाच बाईला, एकाच वेळी, एकाच लाकडाने झालेल्या मारहाणीत मोठी दुखापत लहान दुखापतीला पोटात घेते. न्यायालय ११७(२) खाली शिक्षा देतं आणि तिच्याच बाबतीत ११५(२) खाली वेगळी देत नाही. म्हणून तो एक्स-रे महत्त्वाचा. हात सुजलेला असताना "मुका मार आहे, बसेल" म्हणून तेल लावून घरी बसू नका. तपासणीचा कागद नसेल तर सात वर्षांच्या कलमातली बाब एक वर्षाच्या कलमात येऊन पडते, आणि नंतर ती वर चढवणं फार कठीण जातं.

"छळ आणि मारहाण एकच, एकात दुसरं आलं"

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वात जास्त नुकसान इथेच होताना दिसतं. कलम ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८अ, नुसत्या एका थपडेसाठी नाही. बाईला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा करेल असं वागणं, किंवा पैशाच्या, मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी केलेला छळ, असं काहीतरी सिद्ध करावं लागतं. मारहाणीच्या कलमाला या मागच्या इतिहासाची गरज नसते. फटका, जखम आणि मारायचा हेतू एवढं पुरतं.

म्हणून ही दोन कलमं एकमेकांत विरघळत नाहीत. प्रत्येकात सिद्ध करायची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही सिद्ध झाली तर दोन्हींत दोषी ठरवता येतं आणि दोन्हींत शिक्षा देता येते.

पण फिर्यादीत नुसती ती एकच रात्र लिहिली असेल तर? पोलीस ठाण्यात बसलेली बाई थकलेली, हाताला पट्टी, कडेवर मूल. ती सांगते ते त्याच रात्रीचं. मागच्या शिमग्यात माहेरून आणलेले पैसे, गहाण टाकलेली पाटली, भावाला फोन करून मागितलेली रक्कम यातलं काहीच कागदावर येत नाही, किंवा "वारंवार त्रास देत असे" या चार शब्दांत येतं. मग आरोपीचा वकील म्हणतो की छळाला वेगळा पुरावा नाही, जे काही आहे ते त्या मारहाणीतच आलं. न्यायालयालाही पुष्कळदा ते मान्य करावं लागतं. जबाब देताना जुने प्रसंग वेगळे सांगा: साधारण कधी, कुठे, काय मागितलं, कोण समोर होतं. तारीख आठवत नसेल तर सण सांगा, महिना सांगा, भातलावणीच्या आधी की नंतर ते सांगा. बँकेची नोंद आणि फोनवरचे संदेश जपून ठेवा.

आरोपीच्या बाजूनेही हेच तपासायचं असतं. दोन कलमांखालची शिक्षा एकाच पुराव्यावर उभी आहे की प्रत्येकाला आपला वेगळा पुरावा आहे? अपिलात खरा मुद्दा हाच असतो. "कलमं फार लावली" ही तक्रार ऐकून कुठलंही सत्र न्यायालय हलत नाही.

"वेगळी शिक्षा नाही, म्हणजे सुटला"

नाही. दोषी ठरवणं आणि शिक्षा देणं या दोन पायऱ्या आहेत. कलम ९ शिक्षेला आवर घालतं, दोषसिद्धीला नाही. "कलम ३५२ खाली दोषी, मात्र स्वतंत्र शिक्षा दिलेली नाही" असं वाक्य असेल तर शिवीगाळ सिद्ध झाली, एवढाच त्याचा अर्थ. हे त्या बाईला कुणीतरी कोर्टातच नीट समजावून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्यावर विश्वास ठेवला गेला नाही असं समजून घरी जाणारी बाई पुढच्या वेळी तक्रारच करत नाही.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हुंडाबळीच्या एका प्रकरणात हीच वाट दाखवली होती: हुंडाबळी आणि ४९८अ हे वेगळे गुन्हे, दोन्हींत दोषी ठरवता येतं, पण मोठ्या गुन्ह्याची शिक्षा दिल्यावर ४९८अ खाली वेगळी देण्याची गरज नाही.

बेरीज करण्याआधी शेवटचं पान

आता त्या चार वर्षांकडे येऊ. निकालपत्राच्या अंतिम आदेशात एक ओळ शोधा: शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक. एकत्र असतील तर आपल्या उदाहरणातला माणूस दोनच वर्षं आत राहील, कारण बाकीच्या शिक्षा त्याच दोन वर्षांत चालू राहतात. एकामागून एक असतील तर चार. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला एका गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद देता येते, आणि शिक्षा एकापुढे एक जोडल्या तरी एकूण त्याच्या दुप्पट, म्हणजे सहा वर्षांच्या वर जाता येत नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ प्रमाणे आदेशात काहीच लिहिलं नसेल तर शिक्षा एकामागून एक धरल्या जात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ मध्ये गुन्ह्यांचं गांभीर्य बघून न्यायालयाने दोहोंपैकी एक सांगायचंच आहे. २०१४ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात, ४९८अ आणि आत्महत्येला प्रवृत्त करणं या दोन कलमांच्या शिक्षांवरूनच, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा न्यायालयाचा विवेकाधिकार आहे असं स्पष्ट केलं होतं. म्हणजे ही आपोआप मिळणारी सवलत नव्हे. बचावाच्या वकिलाने शिक्षेच्या युक्तिवादात ती मागावी लागते, आणि सरकारी वकील विरोध करू शकतात. आदेशात ती ओळ नसेल तर त्याच दिवशी, तिथल्या तिथे वकिलांना दाखवा.

दंडाचं गणित निराळं. "दंड न भरल्यास एक महिना कैद" ही शिक्षा मुख्य कैदेत मिसळत नाही, ती वर चढते. २०१८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलं. तीन कलमांत तीन दंड असतील आणि एकही भरला नाही, तर दोन वर्षांपुढे तीन महिने. निकालाआधी आरोपी चार महिने कोठडीत होता, तर ते चार महिने दोन वर्षांतून वजा होतात, दंडाबदलीच्या कैदेतून नाही. दंड भरायला आणलेले पैसे वकिलांच्या पुढच्या फीत गेले, असं होऊ देऊ नका.

तारीख

१ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर दंड संहिता, नंतरची असेल तर न्याय संहिता. छळ आधीपासून चालू आणि शेवटची मारहाण नंतरची असेल तर कागदावर ४९८अ आणि ८५ दोन्ही दिसू शकतात. तेव्हा एकच प्रसंग दोन्हींत मोजला गेला नाही ना, हे दोषारोप ठेवतानाच बघा.

"कौटुंबिक हिंसाचाराची केस केली, आता फौजदारी नको"

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मिळणारं संरक्षण, राहण्याचा हक्क, पोटगी हे सगळं दिवाणी स्वरूपाचं आहे. ती शिक्षा नव्हे. त्यामुळे "एकाच गोष्टीसाठी दोनदा शिक्षा" हा आक्षेप तिथे टिकत नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. मात्र संरक्षणाचा आदेश हातात असताना नवरा पुन्हा दारात येऊन मारतो, तेव्हा आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत घरात ठेवा, पोलीस ठाण्यातही एक पोचवा.

गावच्या बैठकीतला कागद

पोलीस पाटील, तंटामुक्ती समिती, गावकीची जाणती माणसं बसतात, कागद होतो, "सगळं मिटलं" असं ठरतं. साधी दुखापत किंवा शिवीगाळ यांत तडजोड करता येते. कलम ८५ मात्र तडजोडीच्या यादीत नाही. ते मिटवायचं तर उच्च न्यायालयातून गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. शिवाय वहिनीने सही केली म्हणून दिराच्या कपाळाचा हिशेब मिटत नाही, तिथे सही त्याचीच लागते. आणि या सहीसाठी बाईवर दबाव येत असेल तर तो तिने तिच्या वकिलाला सांगावा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि कोठडीतल्या आरोपीलाही.

निकालानंतरचे तीस दिवस

न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावर दोषीला सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि तो जामिनावर असेल, तर अपिलापुरता जामीन तेच न्यायालय देऊ शकतं. अर्ज त्याच दिवशी द्या. कैद झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. फिर्यादीने प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करावा, कारण तिलाही अपिलाचा हक्क आहे: आरोपी सुटला, किंवा ८५ उडून फक्त दुखापत उरली, म्हणजे कमी गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई तुटपुंजी मिळाली तर. फक्त शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र तिला स्वतःला अपील करता येत नाही, ते सरकारने करायचं असतं. त्यासाठी सरकारी वकिलांकडे लेखी विनंती द्या.

त्यापुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून या दोन जिल्ह्यांचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. रायगडकरांसाठी मुंबईच.