कोरीव शिळेचा फोटो सपाट येतोय?

पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर, उतुआदो गावाजवळच्या काग्वाना इथे ताइनो या तिथल्या मूळ रहिवाशांनी कोरलेल्या शिळा उघड्यावर उभ्या आहेत. भर दुपारी त्यांवरच्या रेषा दिसेनाशा होतात; बेडकासारखे पाय फाकवलेली प्रसिद्ध स्त्रीप्रतिमासुद्धा फोटोत नुसता दगड वाटते.

१. सोबत्याला काळी छत्री धरायला सांगून शिळेवर पूर्ण सावली करा. फिकट छत्रीतून ऊन झिरपतं.
२. फ्लॅश बंद. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा. खाचांत सावली पडली की आकृती उठून दिसते.
३. उजेड डावीकडून, उजवीकडून, खालून असे तीन फोटो घ्या. आडव्या रेषा खालच्या उजेडातच उमटतात.

रेषा दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं किंवा पाणी मारणं अजिबात नको. खडू खाचांत बसतो, आणि घासून काढताना कोरीवकामच झिजतं.