कॅमेऱ्याचे ई-चलान आले तर : तपासणी आणि हरकत कशी करावी

चौकात वाहतूक हवालदाराने गाडी अडवली तर निदान दोन शब्द बोलता येतात. कॅमेऱ्याशी बोलता येत नाही. ई-चलानाबद्दल वाहनधारकांच्या मनात जो राग असतो, त्यातला बराचसा या एकतर्फीपणामुळे येतो. मुंबईत 2016 साली ही पद्धत सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. जुलै 2024 पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर स्वयंचलित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा काम करू लागली आणि त्यानंतर घाट उतरून घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर संदेश येऊन पडल्याचे अनुभव अनेकांच्या गाठीशी जमा झाले. काही चलाने रास्त असतात, काही चुकीची. ते ठरवण्याआधीच रागाने पैसे भरणारे आणि रागानेच न भरणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक स्वतःचे नुकसान करून घेतात. चलान हाती आल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे, ते येथे दिले आहे.

आधी संदेश खरा आहे का ते पाहावे

ई-चलानाच्या नावाखाली फसवणुकीचे संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतात. व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते, तिच्या नावात ‘आरटीओ चलान’ असे शब्द असतात आणि ती उघडून स्थापित केली की मोबाइलमधील संदेश आणि बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती जातात. शासन चलान पाहण्यासाठी अशी एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, पाठवत नाही. म्हणून संदेशातील दुव्याला हात न लावता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ‘महाट्रॅफिक’ ॲप किंवा त्यांचे अधिकृत ई-चलान संकेतस्थळ स्वतः उघडावे. अधिकृत पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते. तेथे गाडीचा क्रमांक आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरले की त्या गाडीवरील थकीत चलाने दिसतात. हे आकडे नोंदणी प्रमाणपत्रावर असतात. परराज्यात, उदाहरणार्थ गोव्याला सहलीला जाऊन आल्यावर, केंद्राच्या ‘परिवहन’ ई-चलान संकेतस्थळावरही एकदा शोध घ्यावा. फसवणूक झालीच असेल तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. तेथे दवडलेला एक तासही महाग पडतो.

मग छायाचित्र उघडून नीट वाचावे

बहुतेक लोक रक्कम पाहतात आणि छायाचित्र पाहतच नाहीत. वास्तविक चलानाचा सगळा जीव त्या छायाचित्रात असतो. मोटार वाहन अधिनियमात 2019 साली समाविष्ट झालेल्या कलम 136-अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला आणि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम 167-अ ने त्या पुराव्यात काय असायला हवे ते सांगितले. त्यात नंबर प्लेटसह गुन्हा दाखवणारे छायाचित्र, यंत्राने केलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याच्या कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख अपेक्षित आहे. यंत्राला राज्याच्या नियुक्त प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. कॅमेरे बसवलेल्या रस्त्यावर तशी सूचना देणारे फलक ठळकपणे लावावेत, असेही हाच नियम सांगतो. गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांच्या आत त्याची सूचना पाठवावी, असेही त्यात आहे.

छायाचित्र मोठे करून सर्वप्रथम नंबर प्लेट वाचावी. यंत्राकडून ‘बी’ आणि 8, ‘ओ’ आणि शून्य, ‘डी’ आणि शून्य यांची गल्लत होऊ शकते. प्लेटवर चिखल असला किंवा आकडे नक्षीदार वळणात लिहिलेले असले तर ती शक्यता आणखी वाढते. त्यानंतर गाडीची जात, रंग आणि बांधणी पाहावी. नागपुरात घरासमोर उभ्या असलेल्या स्कूटरच्या नावाने ठाण्यातले चलान आले आणि छायाचित्रात मोटारसायकल दिसत असेल, तर एक तर आकडे चुकीचे वाचले गेले आहेत किंवा कोणीतरी तुमचा क्रमांक स्वतःच्या गाडीवर लावून फिरत आहे. दुसरी शक्यता खरी असेल तर प्रश्न दंडाच्या रकमेपुरता राहत नाही. उद्या त्या गाडीने अपघात केला तरी पोलीस आधी तुमच्याच दारी येतील. अशा वेळी चलानावरील हरकतीबरोबरच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.

सीटबेल्टच्या चलानात काळ्या शर्टावर काळा पट्टा दिसत नाही, असा प्रकार होऊ शकतो. मोबाइलच्या चलानात नुसता कानाजवळ गेलेला हात फोन धरल्यासारखा भासू शकतो. सिग्नलच्या चलानात मात्र लोक स्वतःचीच फसवणूक करतात. दिवा लाल असताना पुढची चाके स्टॉप लाइन ओलांडून झेब्रा क्रॉसिंगवर उभी असतील, तर ‘मी सिग्नल तोडला नाही, फक्त थोडा पुढे थांबलो होतो’ हा खुलासा कामाचा नाही. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी पुढे सरकावे लागले असेल, तर ती गोष्ट वेगळी. पण ते दाखवायला डॅशकॅमचे, म्हणजे गाडीत समोर लावलेल्या कॅमेऱ्याचे, चित्रण असेल तर हरकतीला वजन येते.

वेगाच्या चलानाकडे वेगळ्या नजरेने पाहावे

सर्वाधिक वाद वेगाच्या चलानांवरून होतात आणि त्यामागे बऱ्याचदा मर्यादा ठाऊक नसणे हे साधे कारण असते. द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे, पण बोरघाटात ती 60 वर येते. शंभरच्या वेगाला सरावलेल्या पायाला उतारावर 60 फार मंद वाटते आणि चलान नेमके तेथेच पडते. ही मर्यादा योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. माझ्या मते उतरणीवर ब्रेक तापलेल्या ट्रकच्या पुढे आपण आहोत, हे आठवले की मत बदलते. ते काहीही असो, हरकतीच्या अर्जात ‘मर्यादाच चुकीची आहे’ असे लिहून चलान रद्द होत नाही.

हरकत घ्यायचीच असेल तर चलानावर नोंदलेला वेग, त्या ठिकाणची मर्यादा आणि तुमच्या वाहनप्रकाराला लागू असलेली मर्यादा या तीन आकड्यांची पडताळणी करावी. मोटारीला ट्रकची मर्यादा लावली गेली असेल, तर तो ठोस मुद्दा आहे. फास्टॅगच्या नोंदींतून दोन टोलनाक्यांमधला सरासरी वेग काढून तो पुरावा म्हणून जोडण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती जपून वापरावी. सरासरी 80 आली म्हणून एखाद्या ठिकाणी वेग 115 नव्हता असे सिद्ध होत नाही. आणि सरासरीच मर्यादेबाहेर निघाली, तर तुम्ही स्वतःविरुद्ध पुरावा सादर केल्यासारखे होईल. त्या वेळी गाडी दुसऱ्याच रस्त्यावर होती हे दाखवायला मात्र फास्टॅगची नोंद किंवा पार्किंगची पावती चांगली उपयोगी पडते.

पैसे भरण्यापूर्वी हरकत नोंदवावी

हा क्रम महत्त्वाचा आहे. चलानावरील रक्कम हे तडजोड शुल्क असते. ती भरली की प्रकरण तेथेच मिटते, त्यामुळे आधी पैसे भरून मग दाद मागणे व्यवहारात जवळपास अशक्य होते. महाट्रॅफिकवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तेथे चलान क्रमांक निवडून, कारण लिहून आणि कागदपत्रे जोडून हरकत पाठवावी. मुदत नोटिशीवर छापलेली असते; तीच प्रमाण मानावी, शेजाऱ्याने सांगितलेली नव्हे.

मजकूर छोटा ठेवावा. ‘चलानातील छायाचित्रात लाल रंगाची मोटारसायकल असून माझे वाहन पांढऱ्या रंगाची स्कूटर आहे, नोंदणी प्रमाणपत्र आणि वाहनाची पुढून व मागून काढलेली छायाचित्रे जोडली आहेत, कृपया चलान रद्द करावे’ एवढे पुरते. यंत्रणा पैसे उकळण्यासाठीच उभी केली आहे, खड्डे कोण बुजवणार, असा संताप त्यात ओतू नये. तो खरा असला तरी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला निर्णय छायाचित्र पाहूनच करायचा असतो. तक्रारीचा क्रमांक आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे.

यंत्राच्या मान्यतेबद्दलच शंका असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून त्या ठिकाणच्या यंत्राचे त्या तारखेला लागू असलेले प्रमाणपत्र मागता येते. उत्तरासाठी कायद्याने 30 दिवस दिलेले असल्यामुळे त्या उत्तराची वाट पाहत हरकतीची मुदत घालवू नये. चलान चालत्या गाडीचे हातात धरलेल्या मोबाइलने काढलेले छायाचित्र लावून केले असेल, तर हेही लक्षात ठेवावे की राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने जुलै 2025 मध्ये कर्मचाऱ्यांना अशा कारवाईसाठी खासगी मोबाइल वापरण्यास मनाई केली आहे.

हरकत फेटाळली गेली तर

येथे दोन वाटा फुटतात. चलान खरोखर चुकीचे असेल तर न्यायालयात बाजू मांडता येते. मात्र 500 रुपयांसाठी दोन दिवसांची रजा परवडते का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. चूक आपली असेल आणि थकीत रकमा साचल्या असतील, तर राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीने प्रकरण मिटवता येते. लोकअदालत म्हणजे चलान खोटे ठरवण्याची जागा नव्हे. तेथे उभय पक्षांच्या संमतीने निवाडा होतो आणि त्यावर अपील करता येत नाही. दरवेळी अर्धी रक्कम माफ होते, ही समजूतही बरोबर नाही. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये थकीत चलानांवर 50 टक्के सवलत दिली होती. तशी सवलत आपल्याकडेही कधीतरी येईल या आशेवर वर्षानुवर्षे चलाने साठवणाऱ्यांची गाडी विकायची वेळ आली की पंचाईत होते.

गाडी आणि नोंदी आपल्याच नावे ठेवाव्यात

चलान आल्याचे महिनोन्‌महिने कळलेच नाही, ही तक्रार खरी असते, पण तिचे मूळ अनेकदा जुन्या मोबाइल क्रमांकात सापडते. ‘वाहन’ या केंद्राच्या वाहननोंदणी प्रणालीत नोंदणी प्रमाणपत्राशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे आजच पाहावे. गाडी विकली असेल तर खरेदीदाराच्या भरवशावर राहू नये; विकणाऱ्यानेही 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवणे कायद्याने अपेक्षित आहे. नाव बदलले जाईपर्यंत नोंदीतला मालकच जबाबदार मानला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 सालचा निर्णय आहे. घरातील गाडी भाचा किंवा चालक वापरत असेल, तर कोणत्या दिवशी ती कोणाकडे होती याची साधी नोंद वहीत ठेवावी, कारण कलम 133 खाली पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे.