मॅकबुक चार्ज होत नाही? एसएमसी रिसेट करून पाहा

चार्जर लावूनही चार्जिंग सुरू होत नाही, काही काम नसताना पंखा भणभणतो, झाकण उघडलं तरी स्क्रीन काळीच. इंटेल प्रोसेसरच्या मॅकबुकवर असं झालं, तर दुरुस्तीला टाकण्याआधी एसएमसी (सिस्टिम मॅनेजमेंट कंट्रोलर) रिसेट करा. पंखा, बॅटरी, पॉवर बटण हे सगळं हाच कंट्रोलर सांभाळतो. फाइल्सना धक्का लागत नाही.

आधी चार्जर, केबल आणि सॉकेट बदलून पाहा. बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

२०१८ किंवा नंतरचं इंटेल मॉडेल (ॲपलची टी२ ही सुरक्षा चिप असलेलं):

१. लॅपटॉप पूर्ण बंद करा.
२. उजवीकडचं शिफ्ट, डावीकडचं ऑप्शन आणि डावीकडचं कंट्रोल ७ सेकंद दाबून धरा.
३. ती न सोडता पॉवर बटणही दाबा, आणखी ७ सेकंद. मध्येच लॅपटॉप सुरू झाला तरी बोटं हलवू नका (सगळे चुकतात ते इथेच).
४. सगळं सोडा, काही सेकंद थांबा, मग सुरू करा.

२०१८ आधीचं, बॅटरी आत बसवलेलं मॉडेल असेल, तर लॅपटॉप बंद करून शिफ्ट, ऑप्शन, कंट्रोल ही तिन्ही बटणं डावीकडची आणि पॉवर बटण असं एकदमच १० सेकंद दाबायचं.

ॲपलच्या स्वतःच्या एम१ किंवा त्यापुढच्या चिपवर हा खटाटोप नाहीच. बंद करायचं, अर्ध्या मिनिटाने सुरू करायचं.

मात्र बॅटरी फुगून ट्रॅकपॅड वर आला असेल, तर रिसेट, चार्जिंग काहीही करू नका. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.