घसरगुंडी, ऊन आणि सातवीचा वर्ग

सहावी ते आठवीच्या काळात मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकण्याची संधी द्यावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुचवले आहे. वडोदऱ्यातील शिक्षकांनी त्यांतले चार-पाच दिवस घराजवळचे एखादे मैदान सुधारण्यासाठी राखून ठेवावेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलमुळे रूढ झालेली डिझाइन थिंकिंगची पद्धत, म्हणजे समजून घेणे, प्रश्न मांडणे, कल्पना सुचवणे, नमुना करणे आणि तो वापरून पाहणे, या वयाच्या मुलांना सहज पेलते. जागा मात्र लहान निवडावी. १८७९ मध्ये उभारलेली कमाटीबाग मुलांना कितीही आवडत असली, तरी तिचा पसारा एका वर्गाच्या आवाक्यातला नाही. आणि मगरींचा वावर असल्याने विश्वामित्रीचा काठ तर पूर्ण वर्ज्य मानावा.

पहिले दोन दिवस कोणालाही चित्र काढू देऊ नये. कागद हाती आला की मुले लगेच नवा झोपाळा काढतात, आणि खरे सांगायचे तर आपण मोठेही तेच करतो. त्याऐवजी दोघादोघांच्या जोड्या करून संध्याकाळी तासभर बसवावे आणि कोण कोठे थांबते, कशाला हात लावून मागे फिरते, एवढेच वहीत टिपायला सांगावे. नातवंडांना घेऊन आलेल्या आजींशी मराठीत आणि मैदानाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सेव-उसळवाल्याशी गुजरातीत बोलावे. रोज संध्याकाळी तेथेच असल्याने त्याला बहुधा सर्वांत जास्त ठाऊक असते. ‘तुम्हाला काय हवे?’ असे न विचारता ‘काल येथे आलात तेव्हा काय काय झाले?’ असे विचारावे, म्हणजे मागण्यांची यादी न मिळता घडलेली हकिकत मिळते.

त्यानंतर प्रश्न एका वाक्यात मांडावा. ‘मैदान खराब आहे’ या वाक्याने काहीच हाती लागत नाही. ‘एप्रिलमध्ये साडेपाचपर्यंत पत्र्याची घसरगुंडी तापलेली असते, म्हणून लहान मुले पायरीवरूनच परततात’ हे वाक्य मिळाले, की निम्मे काम झाले असे मी समजतो.

कल्पना भराभर लिहून घ्याव्यात. त्यांवर फार वेळ घालवू नये. नमुना मात्र मैदानातच, खऱ्या मापाचा करावा: चार बांबू, सुतळी आणि जुनी चादर. मैदान महानगरपालिकेचे असल्यास आधी परवानगी घ्यावी आणि बांबू मोठ्यांनी रोवावेत. मुले चादर हमखास घसरगुंडीच्या बरोबर वर बांधतात. बांधू द्यावी. एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास सूर्य पश्चिमेला इतका कललेला असतो, की दोन मीटर उंचीवरच्या चादरीची सावली चारएक मीटर पूर्वेला पडते आणि पत्रा उन्हातच राहतो. मुलांना हे स्वतः पाहू द्यावे, मग त्यांच्यापैकीच कोणीतरी चादर पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी उभी टांगण्याचे सुचवते. दोन्ही वेळा पत्र्याचे तापमान मोजावे आणि किती मुले घसरली तेही मोजावे.

शेवटी वॉर्ड कार्यालयाला अर्ज मुलांनीच लिहावा आणि त्याला रेखाचित्र, मापे व दोन्ही दिवसांच्या नोंदी जोडाव्यात. अर्जाची दुसरी प्रत सोबत नेऊन तिच्यावर पोच म्हणून तारखेसह शिक्का घ्यावा, म्हणजे मुले जूनमध्ये आठवीत गेली, तरी तीच प्रत दाखवून पाठपुरावा करता येतो.