दुकानाचं डोमेन निवडताना आणि बदलताना या चुका टाळा

वेबसाइट करायला निघालेला पुण्यातला दुकानदार हमखास विचारतो, ‘डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या पत्त्यात, पुणे टाकलं की गुगलवर वर येऊ ना?’ सहसा नाही. चांगल्या डोमेनने रँकिंग, म्हणजे गुगलच्या निकालांतला क्रम, फारसं चढत नाही. डोमेनच्या बाबतीतल्या हलगर्जीपणाने मात्र ते धाडकन पडतं.

बेस्ट, प्लंबर आणि पुणे हे तिन्ही शब्द एका नावात कोंबायची युक्ती एकेकाळी चालायची. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने खास अशा डोमेनसाठी बदल केला आणि निव्वळ नावावर तरलेल्या सुमार साइट खाली गेल्या. असं नाव घेतलं तर शिक्षा होत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. स्थानिक निकालात गुगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: शोधाशी धंदा जुळतो का, तो किती जवळ आहे आणि किती नावाजलेला आहे. सिंहगड रोडवरून ‘एसी रिपेअर’ शोधणाऱ्याला विमाननगरचं दुकान नकाशावर वर दिसणं अवघडच. डोमेनमध्ये पुणे लिहून मधलं अंतर कमी होत नाही. उद्या साताऱ्यात शाखा काढलीत तर तेच नाव नडेल, ते वेगळं.

यावर काही जण कोथरूडसाठी एक, बाणेरसाठी एक, हडपसरसाठी एक अशी डोमेन घेतात आणि सगळीकडे तोच मजकूर चिकटवतात. गुगलच्या नियमांत हा सरळ स्पॅम आहे. एकच साइट ठेवा. जिथे खरोखर शाखा आहे, तिथलं वेगळं पान करा.

डॉट इन की डॉट कॉम, यावर रात्र जागवू नका. डॉट इनवरून धंदा भारतातला आहे हे गुगलला कळतं, डॉट कॉमही तितकंच चालतं. डॉट शॉपसारख्या नव्या शेपट्यांना जास्त गुण नाहीत. स्वस्त मिळतंय म्हणून दुसऱ्या देशाची शेपटी मात्र घेऊ नका. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. हौसेने घ्या, पण ते मुख्य डोमेनकडे वळवून ठेवा, कारण लिंक कॉपी केली की कधी कधी अगम्य रोमन अक्षरं उमटतात.

स्पेलिंगची खबरदारी मात्र घ्या. ‘श्री’ रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि ‘ज्ञान’ आपण डीने सुरू करतो, बाहेरचे जीने. नाव फोनवर एकदा सांगून समोरच्याला टाइप करायला लावा. चुकला तर दुसरं शोधा. हायफनचं गुगलला वावडं नाही, पण तो सांगताना तुमचीच दमछाक होते.

आता खरं नुकसान कुठे होतं ते पाहा. डोमेन अनेकदा वेबसाइटवाल्याच्या ईमेलवर नोंदवलेलं असतं. रिन्यूअलची सूचना त्याला जाते आणि तोवर त्याने धंदाच बदललेला असतो. मुदत संपते, साइट बंद पडते, पुढे ते नाव दुसराच कुणी उचलतो आणि तुमच्या गुगल प्रोफाइलवरची (नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीतली) लिंक जुगाराच्या पानावर उघडते. नोंदणी तुमच्या नावाने आणि तुमच्या ईमेलवर आहे का, ते आजच तपासा. नसेल तर डोमेन आपल्याकडे घेण्यासाठी लागणारा ट्रान्सफरचा कोड मागून घ्या, गोडीगुलाबीने. वापरलेलं डोमेन विकत घेत असाल तर वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटची जुनी रूपं जपणाऱ्या संग्रहात, आधी त्याचा पूर्वेतिहास बघा.

दुसरी मोठी चूक डोमेन बदलताना होते. नवी साइट चढवली, जुनी बंद केली, झालं! असं केलं की जुन्या पानांनी मिळवलेली पत तिथेच राहते. प्रत्येक जुनं पान त्याच्या जोडीच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून आपोआप नव्या पानावर नेणाऱ्या सोयीने) वळवा, सगळी होमपेजवर नव्हे. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’ची नोंद करा. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा आणि जुनं डोमेन शक्यतो सोडूच नका. गुगल प्रोफाइल, जस्टडायल, इन्स्टाग्राम, सगळीकडची लिंक बदला. त्याच आठवड्यात डिझाइनही बदलायचा मोह आवरा, नाहीतर घसरण कशामुळे झाली हे कळणार नाही. मिठाईवाल्यांनी हे काम दसरा-दिवाळीच्या तोंडावर काढू नये, क्लासवाल्यांनी जूनच्या आधी.

गुगल प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट साइटवर विसंबलेल्यांची कथा वेगळी. त्या साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि १० जून २०२४ नंतर त्यांच्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवणंही थांबलं. तुमच्या कार्डावर अजून तोच पत्ता असेल तर स्वतःचं डोमेन घ्या आणि कार्डं नवी छापा.

बदलानंतर साइट दिसेनाशी झाली तर आधी गुगलवर इंग्रजीत ‘साइट’, कोलन आणि लगेच नवं डोमेन असं टाइप करा. एकही पान आलं नाही, तर साइट घडवताना लावलेला ‘नोइंडेक्स’ (पान निकालात दाखवू नका, अशी गुगलला दिलेली सूचना) काढायचा राहिला असण्याची दाट शक्यता आहे. पानं येत असतील तर जुन्या चार लिंक उघडून त्या नेमक्या कुठे पोचतात ते बघा. सगळं नीट असेल तर काही आठवडे थांबा, क्रमात थोडी हालचाल होतेच.

नकाशावरूनच दुकान गायब झालं असेल तर डोमेनच्या मागे लागू नका. प्रोफाइल सस्पेंड झालं आहे का ते बघा. तिथे नावापुढे ‘पुण्यातील नंबर एक’ वगैरे जोडलं असेल तर ते काढा, दुकानाच्या बोर्डावर आहे तेवढंच नाव ठेवा आणि मग अपील करा.