ब्लॅक बुकची शेवटची रात्र वाचवायची असेल तर

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला प्रोजेक्ट कसाबसा वेळेत होतो पण त्याचा बाईंड केलेला रिपोर्ट, म्हणजेच ब्लॅक बुक, मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्याच गळ्यात पडतो, चौघांच्या चार वर्ड फाइल्स, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आकृत्यांचे नंबर जुळत नाहीत आणि बाईंडिंगवाल्याकडे त्या आठवड्यात अख्खं कॉलेज रांगेत असतं.

यासाठी तारीख उलटी मोजायची.

१. सबमिशनच्या तारखेपासून मागे या. बाईंडिंगला २-३ दिवस, सर्टिफिकेटवर गाईड आणि एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सह्यांना २ दिवस (नेमके तेव्हाच सर रजेवर असतात), गाईडने सांगितलेल्या करेक्शनला ४ दिवस. उरेल ती तारीख हीच खरी डेडलाईन, व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच पिन करा.

२. पहिल्याच आठवड्यात एकच गुगल डॉक उघडा, कॉलेजच्या फॉरमॅटप्रमाणे मार्जिन, हेडिंग आधीच सेट करून ठेवा.

३. प्रत्येक चॅप्टरखाली एकाचंच नाव लिहा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण "मिळून करू" म्हटलेला चॅप्टर कोणीच करत नाही आणि मग मैत्रीत उगाच कटुता येते.

४. दर रविवारी कच्चं का होईना पण त्या डॉकमध्येच टाकायचं. व्हर्जन हिस्टरीत कोणी काय लिहिलं ते दिसतं, सारखं विचारत बसावं लागत नाही.

एक काळजी घ्या, प्रिंटला डॉक किंवा वर्ड फाइल देऊ नका, पीडीएफ करून पानं तपासूनच द्या, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर टेबल आणि आकृत्या हमखास सरकतात.